धाकट्याच्या गाण्यांची नोंदवही: सांगलीतलं एक प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी असलेल्या एका गृहस्थांचा २२ वर्षांचा मुलगा आत्महत्येने गेला. तो गाणी करायचा. मागे एक जुना लॅपटॉप, फोन, आजोबांची हार्मोनियम आणि दीडशेच्या वर ध्वनिमुद्रणं राहिली. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी घरात चर्चा सुरू झाली की या गाण्यांचं करायचं काय. चर्चा घरातून गल्लीत गेली, गल्लीतून मंडळात. शेवटी त्याची मोठी बहीण लॅपटॉप आणि फोन पिशवीत घालून माझ्याकडे आली.

मी विश्रामबागेत छोटा स्टुडिओ चालवतो. कीर्तनं, भावगीतं, शाळांची स्वागतगीतं आणि निवडणूक आली की रिक्षावर वाजणाऱ्या जाहिराती, असं सगळं रेकॉर्ड करतो. कुटुंबाची परवानगी घेऊन हे टिपण लिहितो आहे. त्यात कुणाचं नाव नाही आणि ओळख पटेल अशा काही खुणा बदलल्या आहेत. घरात त्याला धाकटा म्हणत, म्हणून इथेही धाकटाच. तो कसा आणि कुठे गेला हे मी लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही आणि एखाद्याला त्यातून अपाय होऊ शकतो. का गेला, याचं एका ओळीत मावणारं उत्तर घरच्यांकडे नाही, डॉक्टरांकडे नाही. माझ्याकडे तर नाहीच.

हातात आलेलं सामान

लॅपटॉपची बिजागरी तुटलेली होती आणि चार्जर काढला की तो बंद पडायचा. आत एफएल स्टुडिओ या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरमधले प्रोजेक्ट होते. फोन पोलिसांनी आकस्मिक मृत्यूच्या चौकशीसाठी नेला होता, तो परत मिळाला होता. त्यात व्हॉइस मेमो होते. शिवाय मित्रांच्या व्हॉट्सअॅपवर त्याने पाठवलेल्या क्लिपा होत्या, त्या वेगळ्याच.

अशा वेळी पहिला मोह होतो तो फाईल उघडून ऐकण्याचा. तो टाळायचा. प्रोजेक्ट उघडला आणि चुकून सेव्ह झाला, तर मुलाने ठेवलेली शेवटची अवस्था पुसली जाते. म्हणून आधी लॅपटॉपची सबंध डिस्क आणि फोनमधलं सगळं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं. मग त्याच लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवून, प्रत्येक प्रोजेक्टमधला प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे २४ बिटच्या वेव्ह फाईलमध्ये बाहेर काढला. त्याच लॅपटॉपवर करायचं कारण असं, की त्याने वापरलेली सॉफ्टवेअर वाद्यं कॉलेजच्या पोरांकडे असतात तशी इकडून तिकडून आलेली होती. माझ्या मशीनवर प्रोजेक्ट उघडला की तबला गायब, बास गायब, नुसता त्याचा आवाज उरायचा. मूळ लॅपटॉप फॉरमॅट मारून कुणा पुतण्याला देऊन टाकला असता, जसं बहुतेक घरांत होतं, तर अर्धी गाणी तिथेच संपली असती.

तीन गाण्यांची फक्त व्हॉट्सअॅपवरची प्रत सापडली. व्हॉट्सअॅप आवाज दाबून लहान करतं. त्यात वरच्या पट्टीतलं जे कापलं जातं ते कुठल्याही यंत्राने परत येत नाही. नवीन सॉफ्टवेअर तिथे अंदाजाने काहीतरी भरतं, एवढंच. ती तीन गाणी आहेत तशीच ठेवली.

एकूण १६३ फायली निघाल्या. त्यात पूर्ण म्हणावीत अशी ११ गाणी आणि ४ अर्धी. बाकी सगळे प्रयत्न, हार्मोनियमवरचे तुकडे, मित्रांशी झालेल्या गप्पा, आणि बऱ्याच ठिकाणी मागून येणारी आईची हाक, "जेवायला ये की रे."

प्रत्येकाचं म्हणणं

आई एवढंच म्हणाली, "मला त्याचा आवाज ऐकायचाय. बाकी तुम्ही काय करायचं ते करा."

आबांचा, म्हणजे वडिलांचा, या सगळ्यालाच विरोध होता. "त्या गाण्यापायीच गेला पोरगा. डिप्लोमा सोडला, रात्र रात्र जागायचा. आता ते वाजवून काय मिळणाराय?" ताई मिरजेतल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिला हे पटत नव्हतं, पण वडिलांशी वाद घालण्याची ती वेळ नव्हती. तिने ओळखीच्या एका समुपदेशक बाईंना घरी आणलं. त्यांनी आबांना सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं: आत्महत्येमागे बहुतेक वेळा अनेक गोष्टी एकात एक अडकलेल्या असतात, आजार असतो, काही न बोललेलं असतं. त्यातली एक उचलून तिच्यावर सगळं ढकललं की घरातली माणसं उरलेलं आयुष्य त्या एका गोष्टीशी भांडत बसतात. आबा काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून "गाण्यापायी" हा शब्द त्यांच्या तोंडी आला नाही.

गाण्यांचा कार्यक्रम ठेवला तर त्याच्या पत्रिकेवर मामांना मृत्यूचं कारण "हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने" असं हवं होतं. ताई म्हणाली, "मामा, सगळ्या गल्लीला माहितीय. आपण खोटं बोललो तर त्याचे मित्र आपल्याशी कधीच खरं बोलणार नाहीत." मामा ऐकले.

गणेश मंडळातल्या पोरांचा उत्साह मोठा होता. चौकात स्टेज, एलईडी पडदा, त्याचा दहा फुटी फोटो, खाली "अमर रहे" आणि तिथे त्याची गाणी. सांगलीत कुणीही गेलं की चौकात फ्लेक्स लागतो, त्यात वाईट हेतू नसतो. पोरांचं दुःख खरं होतं आणि त्यांना ते दाखवायची तीच एक पद्धत माहीत होती. तरीही आम्ही नको म्हणालो. कारण लिहून ठेवतो, इतर मंडळांना उपयोगी पडेल.

१९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरच्या आत्महत्येच्या बातम्या आणि त्यानंतरचे आत्महत्यांचे आकडे ताडून पाहिले. बातमी जितकी गाजली तितकी नंतरची वाढ मोठी, असं त्याला दिसलं. तेव्हापासून अनेक देशांत यावर काम झालं. आपल्याकडे भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये वृत्तपत्रांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली त्यांचा गाभा हाच आहे: मथळ्यात भडकपणा नको, पद्धतीचं वर्णन नको, गेलेल्याला वीर करायचं नको. चौकातला दहा फुटी फोटो हा मथळाच असतो. तो पाहणाऱ्यांत एखादा १७ वर्षांचा मुलगा असेल, ज्याला जिवंतपणी कुणी दहा मिनिटं ऐकून घेतलेलं नाही, तर त्याला तो फोटो काय सांगतो याचा विचार करायला हवा. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. तेव्हा असा मुलगा गर्दीत असेल, असं धरूनच चालावं.

मंडळाचा अध्यक्ष जरा रागावला. "म्हणजे आम्ही त्याच्यासाठी काहीच करायचं नाही काय?" हा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पुढे येईल.

तारखा

आता या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. बाहेरून पाहणाऱ्याला तो कारकुनी वाटेल.

गाणी कुठल्या क्रमाने झाली हे कळत नव्हतं. लॅपटॉपच्या मदरबोर्डवरची छोटी बॅटरी मेली होती. ती मेली की चार्जर काढताच घड्याळ मागे जातं आणि संगणक कारखान्यातल्या तारखेपासून पुन्हा मोजू लागतो. त्यामुळे ६० हून जास्त फायलींवर एकच अशक्य तारीख होती, जेव्हा धाकटा पाचवीत असेल. व्हॉट्सअॅपवरच्या प्रतींवर डाऊनलोड केल्याची तारीख. म्हणजे पुरावा काहीच नाही.

आणि तारखा नसल्यामुळे मित्रांनी स्वतःच एक क्रम लावून टाकला होता. आनंदी गाणी आधीची, उदास गाणी नंतरची. एक गाणं होतं, भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसाचं, खरोखर काळजाला हात घालणारं. ते सगळ्यांनी शेवटच्या दिवसांतलं ठरवून टाकलं होतं. "बघा ना काका, त्यानं सांगितलं होतं आपल्याला. आपल्यालाच कळलं नाही." हे म्हणताना त्याचा तबलजी मित्र रडला. हे ओझं घेऊन तो वर्षभर फिरत होता.

मला ऐकताना वेगळंच काहीतरी जाणवत होतं. त्याच्या आवाजाभोवतीची खोली बदलत होती. काही गाण्यांत आवाज अगदी कोरडा, कानाशी लागून बोलल्यासारखा. काही गाण्यांत तोच माईक, तोच माणूस, पण प्रत्येक शब्दामागे लांब शेपूट. मी ताईला विचारलं, हा गायचा कुठे? ती म्हणाली, "आबांच्या दुकानाच्या गोदामात. घरी शेजारी ओरडायचे."

हळदीचं गोदाम. माईकच्या स्पंजाला पिवळा रंग का आहे, तेही कळलं. आणि मग बाकीचं उलगडत गेलं. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत लागल्या की आवाज त्यांच्यात मुरतो, परत येत नाही. लाखो रुपये खर्चून आम्ही स्टुडिओत जे करतो ते हळद फुकटात करते. माल उठला की उरतात सिमेंटची जमीन, पत्रा आणि भिंती. मग आवाज घुमतो. सांगलीत नव्या हळदीचे सौदे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतात, उन्हाळ्यात गोदामं गच्च असतात, पुढे माल जसा उठेल तशी ती रिकामी होतात. म्हणजे गाण्यातला घुमारा मोजला तर ते वर्षाच्या कुठल्या भागातलं आहे याचा अंदाज लागणार. पण वर्ष कुठलं? आणि त्या एका गोदामात नक्की कधी किती माल होता?

हे फक्त एका माणसाला माहीत होतं. ताईने रात्री जेवताना विषय काढला. आबांनी तेव्हा काही उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी ते स्वतःच स्टुडिओत आले, कापडात बांधलेल्या आवक-जावकच्या वह्या घेऊन. बूट बाहेर काढून आत बसले आणि म्हणाले, "लावा."

मी गाणं लावायचो. ते गाणं ऐकत नव्हते, म्हणजे तसं दाखवत होते. घुमारा ऐकायचे, वही उलटायचे. "ह्यात गोदाम निम्मं मोकळं हाय. त्या साली पावसामुळं माल लवकर हलवला आम्ही. श्रावणाच्या आधीचं." एका गाण्याच्या शेवटी लांबून कुणीतरी ओरडतं, "ए, बाजूला हो!" आबा चटकन म्हणाले, "ह्यो आमचा जुना हमाल. करोना येताच गावी गेला, परत आला न्हाई." म्हणजे ते गाणं २०२० च्या आधीचं, धाकटा अकरावीत-बारावीत असतानाचं. आवाज फुटून नुकताच स्थिरावलेला. ऐकलं तर ते जाणवतंही. फोनमधल्या व्हॉइस मेमोंवर तारखा बरोबर होत्या, त्यांच्याशी हे सगळं ताडून पाहिलं. थोडे अपवाद सोडले तर क्रम लागला.

आणि तो मित्रांच्या क्रमापेक्षा जवळजवळ उलटा निघाला. भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसाचं गाणं सगळ्यात जुन्या गाण्यांपैकी होतं. मग एका मित्राला आठवलं की ते कॉलेजच्या एकांकिकेतल्या पात्रासाठी केलं होतं, शब्दसुद्धा त्या एकांकिका लिहिणाऱ्या मुलाचे होते. उलट अखेरच्या काही महिन्यांत धाकट्याने जे केलं होतं त्यात सांगली-मिरज शहर बसवरचं एक विनोदी गाणं होतं. खिडकीसाठी भांडणारी आजी, भडंगाच्या पुड्या घेऊन चढलेला पाहुणा आणि सुट्टे पैसे मागणारा कंडक्टर. हसून पुरेवाट होते.

यातून "बघा, तो आनंदी होता" असाही अर्थ काढायचा नाही. विनोदी गाणं करणारा माणूस आतून काय सोसतो हे गाण्यावरून समजत नाही, आणि उदास गाणं करणारा धडधाकट असू शकतो. कलाकार पात्रासाठी लिहितो, चालीच्या ओढीने लिहितो, कुणीतरी सांगितलं म्हणून लिहितो. कुठलंही गाणं उचलून त्यात चिठ्ठी शोधणं हा त्याच्या कामाचा अपमान आहे, असं माझं स्पष्ट मत झालं. तबलजी मित्राला तारखांची यादी दाखवली. बराच वेळ तो बघत बसला, मग म्हणाला, "म्हणजे हे त्यानं मला सांगितलंच नव्हतं." समुपदेशक बाईंच्या त्याच्याशी झालेल्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते हळदीच्या वहीने केलं, असं ताई म्हणते. बाईंचं बोलणं आधी झालं होतं म्हणून वहीचा उपयोग झाला, असं मला वाटतं.

अखेरची फाईल

फोनमध्ये सगळ्यात शेवटची तारीख असलेला एक मेमो होता. मिनिटभराच्या आतला. हार्मोनियमचे चार सूर आणि वर गुणगुणणं. शब्द नाहीत.

मित्रांना तो सगळ्यांच्या शेवटी हवा होता, "शेवटचं गाणं" म्हणून. मी विरोध केला. त्या फाईलवर तसं नाव पडलं की तिच्यातलं गुणगुणणं कुणालाच ऐकू येणार नाही. प्रत्येकजण पुढचं काय ते ऐकेल. शिवाय तो एक साधा तुकडा आहे. असे चाळीस तुकडे त्या फोनमध्ये आहेत आणि त्यातला एक शेवटचा ठरला, कारण कुठलातरी ठरणारच होता. ताईने निर्णय आईवर सोडला. आईने तो मेमो स्वतःच्या फोनवर घेतला आणि सांगितलं, हा बाहेर द्यायचा नाही. विषय तिथे संपला. यादीत त्याची नोंद इतर मेमोंसारखीच आहे, क्रमांक आणि तारीख.

दुरुस्ती कुठवर

अकरा गाण्यांपैकी सहांत तो तार षड्जावर, म्हणजे वरच्या सावर, थोडा खाली उतरतो. सॉफ्टवेअरने हे दोन मिनिटांत सरळ करता येतं, मित्रांची इच्छाही होती. तो असता तर त्याने केलं असतं का? दोन गाण्यांत त्याने स्वतःच पिच करेक्शन वापरलेलं होतं, म्हणजे त्याला ते येत होतं. बाकीच्यांत वापरलं नाही. जिथे त्याने हात लावला नाही तिथे आम्हीही लावला नाही. आवाजाची पातळी सारखी केली, लॅपटॉपच्या पंख्याची घरघर कमी केली, तीही आवाजाला पाणचट छटा यायच्या आत थांबून.

अर्ध्या चार गाण्यांवरून मात्र ताणाताणी झाली. ओळखीच्या एका मुलाने धाकट्याच्या आवाजावरून एआय आवाज तयार करून एका गाण्याचं दुसरं कडवं "त्याच्याकडून" गाऊन घेतलं आणि आणून ऐकवलं. आवाज हुबेहूब होता. आई उठून आत गेली. नंतर म्हणाली, "तो असा श्वास घेत न्हाई." ती क्लिप पुसून टाकायला लावली. माझं मत होतं की अर्धी गाणी अर्धीच ठेवावीत. आईला ते पटलं नाही. तिला एक तरी पुरं व्हायला हवं होतं, आजीच्या जात्यावरच्या ओवीवर बांधलेलं. मग दुसरं कडवं बासवाल्या मित्राने त्याच्या स्वतःच्या आवाजात गायलं, आणि कुठे धाकटा संपतो आणि कुठे मित्र सुरू होतो ते गाण्याच्या माहितीत लिहिलं. मला आजही ते गाणं थोडं जोडलेलं वाटतं. पण ते गाणं माझं नव्हे.

हक्क कुणाचे

या भागात घराघरांत गोंधळ असतो. आबांना वाटत होतं सही त्यांनी करायची, कारण घरातल्या सगळ्या कागदांवर त्यांचीच सही असते. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर आई पहिल्या वर्गाची वारस असते आणि वडील दुसऱ्या वर्गाचे. आई हयात असेल तर सगळं तिच्याकडे जातं, गाण्यांचे हक्कसुद्धा. वकिलाने हे सांगितल्यावर आई हसली. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "म्हंजे आता मी मालकीण."

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे ताईची आज बालवाडीत असलेली मुलगी साठी ओलांडेपर्यंत हा प्रश्न घरात राहणार आहे. शब्द दुसऱ्याचे असतील तर शब्दांचा हक्क त्या दुसऱ्याचा, म्हणून एकांकिकावाल्या मुलाची लेखी परवानगी घेतली आणि त्याचं नाव गाण्यावर घातलं.

पुण्याहून एका कंपनीचा माणूस आला होता. सगळी गाणी "कायमस्वरूपी" मागत होता, बदल्यात एक व्हिडिओ आणि जाहिरात. त्याच्या मसुद्यात धाकट्याच्या मृत्यूचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात होता. नकार द्यायला तेवढं पुरेसं होतं. पण इतरांना ठाऊक असावं म्हणून सांगतो: हक्क हस्तांतरित करायचे तर करार लेखी आणि सहीचा लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. "कायमस्वरूपी" लिहिलेल्या कागदावर शोकात असलेल्या आईची सही घ्यायला येणारे असतात. वर्ष होईपर्यंत कुठल्याच कागदावर सही करू नये.

बैठक

गाणी ऐकण्याच्या बैठकीची तारीख ठरवताना वर्षश्राद्धाचा दिवस टाळला. तो दिवस घरच्यांचा. बैठक त्याच्या वाढदिवसाच्या आठवड्यात ठेवली. दिशा दाखवली ती मिरजेने. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली प्रवासात वारले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात गायक-वादक तिथे हजेरी लावतात. आठवण काढायची म्हणजे गायचं, अशी ही आपल्या भागातलीच रीत आहे. खाँसाहेब आज आपल्याला भेटतात तेही तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतून. लोक त्या ऐकताना सूर ऐकतात, त्यांच्या मरणाचा तपशील नव्हे.

साठ-सत्तर माणसं मावतील असा एक हॉल घेतला. टेबलावर हार्मोनियम, शेजारी घरातल्या फ्रेममधला फोटो, आईच्या हट्टाखातर एक हार. भाषण एकच, ताईचं, चार मिनिटांचं. तिने सांगितलं की तो आत्महत्येने गेला, आमच्या घराला त्याच्या आजाराची पुरती कल्पना नव्हती, उपचाराने माणसं बरी होतात हे मी रोज कामावर बघते, आणि आज आपण त्याची गाणी ऐकायला जमलो आहोत. मग सात गाणी, तारखांवरून लागलेल्या क्रमाने, प्रत्येकाआधी दोन वाक्यं: कुठल्या साली, कुणाचे शब्द, कोण वाजवतंय. आबांनी दिलेल्या तारखा मी वाचत होतो. ते स्वतः मागच्या रांगेत दाराजवळ बसले होते. त्यानंतर मित्रांनी आपापली गाणी सादर केली. जुनी, नवी, एक तर चक्क बेसूर.

समुपदेशक बाई आणि त्यांची सहकारी शेवटपर्यंत मागे बसून होत्या. कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर टेली मानसचा क्रमांक छापला होता, १४४१६. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही फोन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येतं. कार्यक्रमानंतर कॉलेजातले दोघेजण बाईंशी बोलत थांबले. एका आत्महत्येची झळ सरासरी १३५ माणसांपर्यंत पोहोचते असा अंदाज २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात मांडला होता. हॉलमध्ये त्याच्या निम्मी माणसं होती, हेही डोक्यात होतं. म्हणून त्याच्या जुन्या वर्गमित्रांना बाईंनी नंतर वेगळं बोलावलं. तिथे गाणी वाजवली नाहीत.

सध्या

आठ गाणी त्याच्याच जुन्या यूट्यूब चॅनलवर, आईच्या परवानगीने आली आहेत. वर्णनात साल, श्रेय, गोदामाचा उल्लेख आणि शेवटी १४४१६. "शेवटचं", "अखेरचं", "अजरामर" असे शब्द कुठेही नाहीत. खातं ताईने चालतं ठेवलं आहे. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल काढून टाकू शकतं, त्यामुळे कुणीतरी अधूनमधून लॉगिन करायला हवं.

सगळ्या सामग्रीच्या तीन प्रती आहेत. एक घरी, एक माझ्याकडे, आणि तिसरी विट्याला मावशीकडे, कारण कृष्णेने २०१९ च्या पुरात काय केलं ते त्यांच्या घरानेही पाहिलं आहे आणि मीही. आबांची यादी सोबत आहे, त्यांच्याच अक्षरात, आवक-जावकच्या वहीसारखे रकाने आखून: क्रमांक, महिना, साल, गोदाम भरलेलं की मोकळं, शेरा. बसच्या गाण्यापुढे शेऱ्यात त्यांनी "चांगलं आहे" लिहिलं आहे. बाकी कुठल्याच गाण्यापुढे मत नाही.

यंदा गणपतीत मंडळाचा अध्यक्ष पुन्हा आला. मांडवात बसचं गाणं वाजवायचंय म्हणाला. ताईने तीन अटी घातल्या: गाणं मधे न तोडता पुरं वाजवायचं, फोटोचा फ्लेक्स लावायचा नाही, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याचं रिमिक्स करायचं नाही. पहिल्या दोन अटी त्याने तिथल्या तिथे मान्य केल्या. तिसरीवर अजून बोलणी चालू आहेत.